अडीच महिन्यांचं कारवानी पिल्लू फार हट्टी आहे, चावतं, ऐकत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ तर पिसाटल्यासारखं धावतं. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. सासरे म्हणतात, साखळीला बांधा आणि जेवताना ताटलीत हात घाला. डॉक्टर म्हणतात, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका. कसं वळण लावावं? ट्रेनर कोणत्या वयात लावावा?

"हट्टी" शब्द वाचला आणि लिहायला बसलो. कारवानी, म्हणजे आपल्या दख्खनच्या माळावरचा सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रा, हट्टी नसतो, त्याला विचारायची सवय नसते. लॅब्रेडॉर घडवला गेला तोच पडलेला पक्षी तोंडात धरून माणसाच्या हातात आणून द्यायला. म्हणून तो दर दोन मिनिटांनी मालकाच्या तोंडाकडे बघतो. कारवानीचे पूर्वज माळावर सशामागे सुटायचे आणि माणूस मागे कुठेतरी धापा टाकत यायचा. कुठे वळायचं, कधी झेप घ्यायची हे कुत्र्यालाच ठरवावं लागे. हुकमाची वाट बघणाऱ्याचा ससा गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंधनं आली आणि पुढे ती बंदच झाली, पण रक्तात आहे ते आहे. तेव्हा "ऐकत नाही" याचा अर्थ एवढाच, की ऐकून काय मिळतं हे त्याला अजून कळलेलं नाही.

मिळायला हवं ते म्हणजे उकडलेलं चिकन. मीठ, मसाला, कांदा-लसूण काही न घालता, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून. शंभर ग्रॅमचे दीड-दोनशे होतात, म्हणजे दोन-तीन दिवसांची सोय. शाकाहारी घर असेल तर पनीर चालेल. ग्लुकोजच्या बिस्किटावर ही जात फार वेळ टिकत नाही. लॅबसारखी खादाड नसल्यामुळे तोंड फिरवते आणि मग लोक म्हणतात, शिकत नाही. शिकवणं नेहमी जेवणाआधी. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. पिल्लू कंटाळून निघून जायच्या आत तुम्हीच थांबायचं.

आता तुमच्या सासऱ्यांचा सल्ला. दिवसभर साखळीला बांधा म्हणजे तापट होईल, आणि जेवताना ताटलीत हात घालून मालक कोण ते दाखवा. दुसरा भाग आधी घेतो, कारण घरात मूल आहे आणि याच सल्ल्यानं बिघडलेली पिल्लं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका घरातलं पाच महिन्यांचं कारवानी पिल्लू घ्या. पहिल्या आठवड्यापासून रोज जेवण सुरू झालं की ताटली उचलून घ्यायची, मिनिटभराने परत द्यायची, हा घरातल्या कर्त्या माणसाचा नेम. पिल्लू त्यातून काय शिकलं? माणूस जवळ आला की अन्न जातं. तिसऱ्या महिन्यात ते भराभर गिळायला लागलं. चौथ्यात ताटलीवर मान ताणून, अंग ताठ करून उभं राहायला लागलं. पाचव्यात गुरगुरलं. गुरगुरल्याबद्दल मार बसला आणि गुरगुरणं बंद झालं. घरात वाटलं, सुधारलं. गुरगुरणं ही कुत्र्याची शेवटची सभ्य सूचना असते. मारून ती बंद केली की पुढे राहतो तो थेट चावा, आणि तो कर्त्या माणसाला बसत नाही, घरातल्या सर्वांत लहानाला बसतो. इथेही तसंच होणार होतं. मुलीच्या फ्रॉकचा काठ सापडला, हात वाचला.

त्यावर जे केलं तेच तुम्ही आजपासून करा, बिघडायच्या आधी. ताटलीत नेहमीचं साधं जेवण. पिल्लू खायला लागलं की दोन मीटरवरून चालत जा आणि जाता जाता चिकनचा एक तुकडा ताटलीत पडेल असा टाका. थांबू नका, बोलू नका, निघून जा. एका जेवणात पाच-सहा वेळा. तीन-चार दिवसांत तुम्ही दिसलात की पिल्लू मान वर करून शेपटी सैल हलवेल. ही खूण दिसली तरच अंतर अर्धा मीटर कमी करा. अंग ताठ झालं, खायचा वेग वाढला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला किंवा तोंड न हलवता एकदम थिजलं, तर घाई झाली. मागे या. अगदी जवळ जाता आलं की वाका आणि हातानं तुकडा ठेवा. मग ताटलीला बोट लावून तुकडा. मग ताटली वीतभर उचला, तुकडा टाका, लगेच खाली ठेवा. गुरगुरायला लागलेल्या कुत्र्याला या सगळ्याला दोन-अडीच महिने लागतात, तुमच्या पिल्लाला दोन-तीन आठवडे पुरतील. मोठ्या माणसांचं पक्कं झाल्यावर मुलगा, तोही तुम्ही शेजारी असताना, आणि त्यानं फक्त लांबून तुकडा टाकायचा. ताटली उचलणं सहा वर्षांच्या मुलाचं काम नाही. कधीच.

चप्पल, मोजा, खेळण्यातली गाडी यांनाही हाच नियम. जबड्यातून ओढून काढाल तर पुढच्या वेळी पिल्लू पलंगाखाली घेऊन जाईल किंवा गिळून टाकेल. नाकासमोर चिकन धरा, तोंड सुटलं की "दे" म्हणा, तुकडा द्या आणि वस्तू धोक्याची नसेल तर परतही करा. परत मिळते हे कळलं की कुत्रा वस्तू धरून बसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की ही लाच झाली. लाच आधी दाखवतात. तुम्ही खिशातून चिकन काढून, दाखवून "बस" म्हणत असाल तर ती लाचच, आणि असं पिल्लू रिकाम्या हाताचं ऐकणार नाही. तुकडा नाकासमोर धरून हात वर नेत बसायला लावायचं ते फक्त पहिले दहा-बारा वेळा. नंतर हात रिकामा, तुकडा मागच्या खिशात किंवा फळीवरच्या डबीत. पिल्लू बसल्याबरोबर "शाब्बास", मग तुकडा. शब्द कृतीनंतर एका सेकंदात यायला हवा. तुकडा यायला तीन सेकंद लागले तरी चालतं. बहुतेकांचं इथेच चुकतं: पिल्लू बसतं, मालक खिसा चाचपतो, तोवर पिल्लू उठतं आणि उठल्याचं बक्षीस मिळतं.

दुसरा आक्षेप "कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरा, टोळीचा म्होरक्या तुम्ही" हा. आपल्याकडचे काही ट्रेनर अजून हेच शिकवतात आणि वर लांडग्यांचा दाखला देतात. तो दाखला १९४७ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरचा. म्होरक्या लांडग्याची कल्पना पुढे ज्यांच्यामुळे जगभर गेली त्या लांडग्यांच्या अभ्यासकानं, डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, म्होरकेपणासाठी मारामारी वगैरे तिथे नसते. कारवानी मुळातच परक्या हाताला अंग चोरणारा. त्याला असं दोनदा दाबलंत तर वर्षभर तो तुमच्या हाताखाली यायचा नाही. त्यापेक्षा रोज रात्री पंजा एक सेकंद धरा, तुकडा. कान उलटून बघा, तुकडा. ओठ वर करा, तुकडा. सहा महिन्यांनी नखं कापताना याचा उपयोग कळेल.

चावण्याचं म्हणाल तर या वयात पिल्लू चावणारच. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात, ते चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत बेचाळीस पक्के येतात. तोवर दातांचा जोर कमी करायला शिकवायचं. दात लागले की हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारा ससा. खेळ थांबवा, उठा, दाराबाहेर जा, तीस सेकंदांनी परत या. घरातल्या सगळ्यांनी प्रत्येक वेळी हेच करायचं. एकानं जरी "असू दे, लहान आहे" म्हणून हात चावू दिला तर महिना वाया. मुलाला "झाड" शिकवा: हाताची घडी, नजर पायाच्या अंगठ्याकडे, तोंड बंद. ही जात हलत्या गोष्टीमागे धावते. पळत, किंचाळत जाणारं मूल तिला थांबवता येत नाही, उभं झाड तिला कंटाळवाणं वाटतं. साडीचा पदर आणि परकर यांचंही तेच. पिल्लाला घरात दीड-दोन मीटरची हलकी दोरी बांधून ठेवा, टोकाला फास नको, अडकतो. पदर जाताना दोरीवर पाय द्या आणि चारही पाय जमिनीवर असतील तर तुकडा.

संध्याकाळी सहा ते नऊ पिसाटल्यासारखं धावतं, सगळ्यांना चावतं असं तुम्ही लिहिलंय. ते झोपलेलं नाही. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते आणि मुलं घरी आली की ती मोडते. तासभर जागं, मग दोन तास पिंजऱ्यात किंवा अंधाऱ्या खोलीत. निम्मं चावणं एवढ्यानं जाईल.

शी-शूचं थोडक्यात, कारण यात कठीण काही नाही. उठल्यावर, खेळल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उचलून ठरलेल्या जागी न्या. या वयात दिवसा तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. तुकडा तिथेच, झाल्याबरोबर. घरात आल्यावर दिलात तर घरात आल्याचं बक्षीस होतं. नाक घासलं की पिल्लू सोफ्यामागे जाऊन करायला शिकतं, दुसरं काही नाही. फिनेलनं वास आपल्या नाकाला झाकतो, त्याच्या नाही. एन्झाइमचं क्लीनर घ्या, किंवा पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात. मात्र शहाबादी किंवा संगमरवरी फरशी असेल तर व्हिनेगर अजिबात नको, चुनखडीचा दगड आहे, डाग कायमचा.

घाईचं काम वेगळंच आहे आणि ते तुम्ही विचारलेलं नाही. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघेल त्याला "हे असतंच" म्हणतं. नंतर नवं ते सगळं संशयाचं. तुमच्याकडे जेमतेम तीन आठवडे उरलेत. डॉक्टर लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका म्हणाले ते पार्व्होमुळे (पिल्लांच्या जिवावर बेतणारा जुलाब-उलट्यांचा संसर्ग), आणि बरोबर म्हणाले. पण ते जमिनीवर ठेवण्याबद्दल आहे. कडेवर घेऊन जा. हेल्मेटवाला, छत्री, काठी टेकणारे आजोबा, बुरखा, भाजीची हातगाडी, शाळा सुटताना फाटकाबाहेरचा गोंधळ, रोज पाच-सात नव्या गोष्टी, लांबून, तोंडात चिकन. कुकरची शिट्टी आणि मिक्सर चालू असताना दूरच्या खोलीत जेवण द्या. ढोल-ताशा आणि फटाके फोनवर अगदी बारीक आवाजात लावा, आठवड्याभरात थोडे थोडे वाढवा. कारवानी आधीच बुजरा. या तीन आठवड्यांत घरात कोंडलात तर पाहुण्यांवर भुंकणारा आणि दिवाळीत माळ्यावर लपणारा कुत्रा मिळेल. मग कुठलाही ट्रेनर आणा.

आणि पट्टा. कारवानीचं डोकं निमुळतं, मान डोक्याइतकीच किंवा जास्त रुंद. साधा पट्टा मागे ओढल्याबरोबर कानांवरून निघतो आणि कुत्रा रस्त्यावर. ओढल्यावर थोडा आवळणारा, चार-पाच सेंटिमीटर रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या. हाक शिकवायला दहा मीटर दोरी, ती हार्नेसला (छाती-खांद्यांभोवतीच्या पट्ट्याला) बांधा, मानेला नाही, कारण पूर्ण वेगात मानेला झटका बसला तर इजा होते. "ये" हा शब्द घरात दिवसातून शंभरदा वाया जातो, त्यामुळे शिट्टी वापरा. शिट्टी वाजली आणि चिकन मिळालं नाही असं पहिल्या सहा महिन्यांत एकदाही होऊ देऊ नका. शिट्टी मारून बोलावून आंघोळ घातलीत तर शिट्टी गेली. आणि इतकं करूनही रस्त्याजवळ मोकळं सोडू नका. मांजर दिसल्यावर कारवानीला कान नसतात.

साखळीचं राहिलं. बांधलेल्या कुत्र्यासमोरून माणूस जातो, कुत्रा भुंकतो, माणूस पुढे जातो (तो जाणारच होता). कुत्र्याचा हिशेब: मी भुंकलो म्हणून गेला. दिवसातून पन्नासदा हा हिशेब पक्का होतो. लोक त्याला राखण म्हणतात. त्याला चोर आणि पोस्टमन यांतला फरक कधी कळत नाही, आणि चेंडू आणायला साखळीच्या वर्तुळात गेलेलं घरचं मूलही कळत नाही. राखण शिकवावी लागत नाही. वर्ष-दीड वर्षाचा झाला की रात्री फाटकाचा आवाज आला तर तो आपणहून भुंकेल, आणि घरात झोपणारा कुत्रा तुम्हाला उठवेल. सासऱ्यांना हे वाचून दाखवा. पटणार नाही, माहीत आहे. माझ्याकडच्या जुन्या माणसांनाही शेवटपर्यंत पटलं नाही.

ट्रेनर: कुत्र्याला महिनाभर घेऊन जाणारा नको, तिकडे ऐकायला शिकतो आणि घरी येऊन विसरतो. घरी येऊन तुम्हाला शिकवणारा मिळाला तर आजच लावा, सहा महिन्यांची वाट कशाला.

राहिलेलं एक: पिल्लाचे दात लागून मुलाची कातडी फाटली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, पिल्लू घरचं असलं तरी. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनी देतात, म्हणजे तुमच्याला अजून मिळालेली नसणार. जखमेवर हळद, तिखट, चुना काही लावू नका. आणि पिल्लू आत्ताच ताटलीजवळ थिजत असेल, किंवा हात लावल्यावर एकाच ठिकाणी केकाटत असेल, तर वर लिहिलेलं काही सुरू करण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून कान, दात आणि पोट तपासून घ्या.