ढुंगण कुठे फिरतं, ते ठेकेदाराला विचारा

प्रश्न : माझे मिस्टर भिवंडीजवळच्या एका गोडाऊनमध्ये ठेकेदाराकडे लोडिंगला आहेत. गेल्या महिन्यात फोर्कलिफ्ट वळताना तिचा मागचा भाग त्यांच्या पायावर आला, तीन बोटं मोडली. ठेकेदार म्हणतो, 'गाडी पुढे चालली होती, तू मागून मध्ये आलास.' पगार बंद आहे. चूक यांचीच ठरली तर काहीच मिळणार नाही का?
– एक वाचक, काल्हेर

उत्तर : ताई, मी २२ वर्षं हीच गाडी चालवली. तुमचा ठेकेदार तिच्यावर कधी बसलेला दिसत नाही. फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं. माल उचलायचे पुढचे काटे डावीकडे वळले की ढुंगण उजवीकडे फेकलं जातं (आम्ही असंच म्हणायचो, संपादकांनी चालवून घ्यावं). त्या ढुंगणात बिडाचं वजन भरलेलं असतं. तीन टन उचलणारी गाडी रिकामीच चार टनांच्या वर भरते. त्यामुळे बाजूला उभा असलेला माणूस 'मध्ये' येत नाही, गाडीच त्याच्याकडे येते.

माझ्याही हातून एकदा असं झालं. हमालाने पाय ओढला, चप्पल राहिली. पापडासारखी झालेली ती चप्पल त्याने उचलून माझ्यासमोर धरली. शिवीसुद्धा दिली नाही. त्या गल्लीत माणसांसाठी मारलेला पिवळा पट्टा पुसून वर्ष झालं होतं, आणि मालकाला त्रास होतो म्हणून हॉर्नची वायर काढलेली.

आता पैशांचं. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू व्हायला हवा. कामावरच्या दुखापतीत डॉक्टर रजा लिहून देतील तेवढे दिवस वेतनाच्या ९० टक्के रक्कम तिकडून मिळते. चूक कोणाची, यावर ती अडत नाही. नोकरीला लागून आठवडा झाला असला तरी हक्क असतो. ठेकेदाराने ईएसआयमध्ये नावच घातलं नसेल, तर ज्या कंपनीचं काम चालू होतं तिलाही अंग काढता येत नाही. ठाण्याच्या कामगार कार्यालयात दोघांच्या नावाने अर्ज द्या.

त्याआधी दवाखान्याचा केसपेपर काढून वाचा. ठेकेदाराचा माणूस सोबत असला की त्यावर 'घरी पडले' असं लिहून घेतात. तसं असेल तर त्या वेळी हजर असलेल्या दोन कामगारांची नावं घेऊन लगेच दुरुस्ती मागा. उशीर केलात तर ते दोघे दुसऱ्या गोडाऊनला गेलेले असतील.