चर्चच्या जुन्या वहीतलं वय खरं धरावं का?

गोव्यातल्या तुमच्या खापरपणजीच्या मृत्यूच्या नोंदीत 1898 साली वय 95, त्याच गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा मात्र 1814 चा आणि धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा 1857 चा. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय. बाप्तिस्म्याची नोंद तिचीच असेल, तर मी 1814 धरीन आणि 95 सोडून देईन.

बाप्तिस्म्याच्या वेळी तान्हं मूल समोर असतं, धर्मपिता-धर्ममाता हजर असतात, जन्माला बहुधा काही दिवसच झालेले असतात. (मोठेपणी धर्मांतर केलेल्यांची गोष्ट वेगळी.) मृत्यूच्या वेळी मात्र जिचं वय लिहायचं ती सांगायला नसते. मुलगा, नातू किंवा शेजारी म्हणतो, 'नव्वदी केव्हाच ओलांडली होती', आणि पाद्री 95 लिहून मोकळा होतो. त्यालाही वयाशी फारसं कर्तव्य नव्हतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या त्या चोरून होणारी लग्नं थांबावीत म्हणून. मृत्यूची वही सक्तीची झाली ती पुढे 1614 च्या रोमन विधिग्रंथाने. तिच्यात महत्त्व अंत्यसंस्कार मिळाले की नाही याला. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख असलेले आजोबा घरोघर सापडतात, त्यातलाच हा प्रकार.

त्याच वहीची वीसेक वर्षांची पानं चाळा. 60, 70, 80 या वयांची गर्दी दिसेल. 61 किंवा 79 क्वचितच. लोकसंख्याशास्त्रात हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: 23 ते 62 या वयांत 0 आणि 5 वर संपणारे आकडे किती जास्त आले ते पाहायचं. काहीच गर्दी नसेल तर 100, सगळेच तसे असतील तर 500. त्यात भर म्हणजे म्हाताऱ्यांची वयं वर सरकतात. घरात नव्वदीचं माणूस असण्याचा एक मान असतो ना! याउलट 'तीन दिवस', 'आठ महिने' अशी लेकरांची वयं मी बिनधास्त मानतो.

आता 1857 कडे या. जन्म 1803 चा धरला तर त्या बाळंतपणात ती 54 वर्षांची होते, म्हणजे जवळजवळ अशक्य. 1814 धरला तर 43, आणि ते सहज पटतं.

पण खरी मेख पुढेच आहे. मूल गेलं की पुढच्या भावंडाला तेच नाव ठेवायची पद्धत होती. 1814 ची मुलगी दोन-तीन वर्षांत दगावली असेल आणि तुमची खापरपणजी तिच्यामागून जन्मलेली असेल, तर मृत्यूच्या वेळी ती 84 चीही नव्हती. म्हणून 1814 ते 1820 ची मृत्यूची पानं आधी पाहा, मग त्याच आईबापांचे पुढचे बाप्तिस्मे. आईबापांची नावं जुळली म्हणून लगेच खूश होऊ नका, बहिणींची ती जुळणारच. आणि ऑनलाइन इंडेक्सवर न थांबता मूळ पानाचा फोटो उघडा. वयाशेजारी पाद्रीने पोर्तुगीजमध्ये 'अंदाजे' लिहिलेलं असलं, तरी इंडेक्समध्ये नुसता आकडा उरतो. ही पानं तपासून होईपर्यंत वंशवृक्षात जन्मसाल पेन्सिलनेच लिहा.