कारभार, कानातला बिल्ला आणि सिन्नरवाली

"अकरा वर्षं गोठ्यात राबतोय, आणि पेट्रोलला दोनशे रुपये लागले तरी वडलांपुढं हात पसरायचा. सांगा मॅडम, वेगळं निघू का?"

संगमनेर परिसरात समुपदेशन करते, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी समोर येतोच. कधी डाळिंबाची बाग असते, कधी पोल्ट्री. पण दुभत्या गायींचं घर असलं की भांडणाची वेळसुद्धा ठरलेली असते. सकाळची धार आणि संध्याकाळची धार. ही गोष्ट अशाच एका घरची. त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

जनावरं बावीस, त्यातल्या तेरा दुभत्या, सगळ्या एचएफ म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन संकरित. घरात चार पिढ्या. नव्वदीला टेकलेल्या जिजी, त्यांचा मुलगा म्हणजे पासष्टीचे अण्णा, अण्णांचा पस्तिशीचा मुलगा आणि सून, आणि या दोघांचा नऊ वर्षांचा पोरगा. अण्णांच्या पत्नी मागेच गेल्या. माझ्याकडे आला तो पस्तिशीतला मुलगा, २०२३ च्या दिवाळीनंतर. दुधाचे दर पडले होते आणि घरात प्रत्येकाचा आवाज चढला होता.

त्याने कर्ज काढून धारेचं मशीन आणलं. मशीनचे कप निघाले की अण्णा पाट घेऊन बसायचे आणि तीच गाय परत हाताने पिळायचे. "कासेत काय राहिलंय ते मशीनला काय कळतंय?" याने गोठ्यात पांढरा बोर्ड लावून त्यावर लिहिलं, 'धार काढताना मोबाईल व गप्पा बंद.' दुसऱ्या दिवशी खाली अण्णांच्या अक्षरात ओळ आली, 'गायींना विचारलं का?'

मी हसले. तो नाही हसला. "बघा, तुम्हीपण त्यांच्याच बाजूच्या," म्हणाला. चूक माझीच होती.

दुसरी चूक मी त्याच आठवड्यात केली. कामाची वाटणी करून दिली. सकाळची धार मुलाकडे, संध्याकाळची अण्णांकडे, वैरण आणि कुट्टी आळीपाळीने. कागदावर फार सुरेख दिसत होतं. चौथ्या दिवशी सगळं बारगळलं. मुलाच्या पाळीला अण्णा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. "नुसतं खाकरतात हो. त्या खाकरण्यात सगळं येतं."

मग सगळ्यांनाच बोलावलं. जिजी येणार नाहीत असं धरून चालले होते, पण गाडीतून सगळ्यांत आधी त्याच उतरल्या. अण्णा टोपी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. मी विचारलं, तुमच्या हातात कारभार कधी आला? उत्तर जिजींनी दिलं. "याचा बाप होता तवर याला कधी रुपाया दिला नाही. दुधाचं पासबुक माझ्या उशाखाली. मालकाचं तेरावं झालं तवा मी ते याच्या हातात ठेवलं. तवा हा सत्तेचाळीसचा होता."

मुलाने वळून बापाकडे बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्याचा हिशेब त्याने कधी मांडला नव्हता. पंचवीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला जेमतेम अठरा वर्षं कारभार मिळाला, आणि आता 'सोडा' म्हणायला पोरगा दारात उभा. ज्याला उशिरा मिळतं तो मूठ जास्त आवळतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. म्हणून 'वडील कारभार सोडत नाहीत' म्हणणाऱ्याला मी आधी हेच विचारायला सांगते, की त्यांना तो मिळाला कधी.

पण नुसतं समजून घेऊन पेट्रोल भरता येत नाही. मुलाला मी म्हटलं, कारभार मागू नका, तुमच्या कामाचे पैसे मागा. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी अण्णांच्या खात्यावर येत होतं. प्रत्येक बिलातून तीन हजार मुलाच्या खात्यावर, न मागता. आणि एक काम असं द्यायचं ज्याचा खर्च आणि निर्णय दोन्ही त्याचेच. त्यांच्याकडे ते कालवडींचं ठरलं. कोणती कधी भरवायची म्हणजे गाभण करून घ्यायची, कोणती विकायची, सगळं त्याने बघायचं. अण्णांनी विचारायचंसुद्धा नाही.

अण्णा उसळले. "घरातल्या घरात पगार? मग जेवणाचं बिल लावू का?"

"लाव," जिजी म्हणाल्या. "आधी माझं सत्तर वर्षांचं दे."

तीन हजार तिथेच कबूल झाले. सुनेच्या पंधराशेला मात्र दोन महिने लागले, आणि तीही रक्कम मला पटलेली नाही, कारण ती पहाटे साडेचारला नवऱ्याच्या बरोबरीने उठत होती. तिथे मी कमी पडले.

खरं तर 'उठत होती' हेच नीट ऐकायला मला उशीर झाला. सून दोन बैठकांमध्ये एक शब्द बोलली नव्हती. तिसऱ्या वेळी तिला एकटीला बोलावलं. पाठ दुखते म्हणून चार महिन्यांपासून सकाळच्या धारेला जात नाही, एवढंच घरच्यांना ठाऊक. पाठ ठीक होती. अण्णांनी लोणी गावच्या जनावरांच्या बाजारातून एक गाय आणली होती, विकणारा सिन्नरकडचा. गाय लाथाळ. सुनेचं माहेरही सिन्नरचं. अण्णांनी गायीचं नाव ठेवलं 'सिन्नरवाली'. रोज धारेला कोणीतरी ओरडायचं, "सिन्नरवालीचे पाय बांधा रे!" आणि गोठाभर हशा.

"मीपण हसायचे मॅडम. अण्णा वाईट माणूस नाहीत. पण परवा मी पोराला रागावले, तर तो म्हणतो, आई, सिन्नरवाल्या लाथ मारतातच."

आणि गंमत म्हणजे मशीनचे कप लावायचं काम तिचंच होतं. तिचा हात सवयीचा, गायी तिच्याकडे शांत उभ्या राहायच्या. ती येईनाशी झाली आणि बाप-लेक समोरासमोर आले. मशीनवरचं भांडण तिथून पेटलं होतं. रोजचं आठ-दहा लिटर दूधही कमी झालं होतं, त्याचं खापर अण्णा मशीनवर फोडत होते आणि मुलगा पेंडीवर.

माझी एक मैत्रीण पशुवैद्यक आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, सडांना हात लागला की गायीच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि ती पान्हा सोडते, पण त्याचा जोर पाच-सात मिनिटंच. त्या वेळात आरडाओरडा झाला, गाय बिथरली, की भीतीने सुटणारं ॲड्रेनालिन आडवं येतं. मग कास भरलेली असली तरी दूध उतरत नाही. अण्णा हाताने पिळून काढत होते ते हेच, भांडणात अडकलेलं दूध.

हे मी अण्णांना सांगितलं. नात्यांबद्दल मी तीन बैठका बोलले, त्यातलं काही लागलं नव्हतं. हे लागलं. "पान्हा चोरतात हे खरं," एवढंच म्हणाले. मग सुनेच्या संमतीने गायीच्या नावाचंही सांगितलं. टोपी दोनदा काढली, दोनदा घातली. "तसं नव्हतं माझ्या मनात." माफी वगैरे काही नाही. जिजींनी निकाल दिला, "लोणीतनं आणली ना, मग लोणीवाली म्हण."

अशा घरांत मस्करी बंद करा असं मी कधीच सांगत नाही. बंद केली तर यांना बोलायला दुसरी भाषा कुठे आहे? बोर्डावरची ती ओळ म्हणजे बापाने लेकाशी केलेलं बोलणंच होतं, आणि लेक उलट उत्तर देऊ शकत होता. सून सासऱ्याला देऊ शकत नव्हती. मी तेवढाच फरक बघते. ज्याची चेष्टा चाललीय त्याला त्याच सुरात परतवता येते का?

बोलणं सुरू झालं ते मात्र माझ्यामुळे नाही. २०२४ च्या सुरुवातीला शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं. त्यासाठी गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला हवा आणि तिची ऑनलाइन नोंद हवी. अण्णा आधी याला 'गायीचं आधार कार्ड' म्हणून हसले होते. आता नोंद करायची तर पंचाईत अशी, की मुलाला सगळ्या गायी बिल्ल्याच्या शेवटच्या चार आकड्यांनी ठाऊक, अण्णांना नावांनी. कोणती गाय कधी व्याली, कितव्या वेताची, हे अण्णांच्या डोक्यात. मोबाईल मुलाच्या हातात.

दोघं गोठ्यात उभे राहिले. हा आकडे वाचायचा, अण्णा सांगायचे, "ही चांदणीची नात. हिची आई पहिल्या वेताला अडली होती, रात्रभर मी अन् तू बसलो होतो, विसरला का?" तो विसरला नव्हता. लिहायला माणूस हवा म्हणून सुनेला हाक मारली, कारण घरात वाचता येईल असं अक्षर तिचंच.

ते रजिस्टर तिने मला दाखवायला आणलं. दोनशे पानी वही, फूटपट्टीने आखलेले रकाने. बिल्ला क्रमांक, नाव, वेत, भरवल्याची तारीख, दूध, शेरा. मुलगा वेगळा निघालेला नाही. पेंडीच्या दुकानदाराशी अजून अण्णाच बोलतात, आणि दारात खाकरणंही थांबलेलं नाही. सून सकाळच्या धारेला पुन्हा जाते.

वही चाळताना शेवटच्या भरलेल्या पानावर थांबले. तिच्याच अक्षरात होतं, 'लोणीवाली. दूध ९ लिटर. शेरा : आज अण्णांना लाथ मारली.'

खाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, अण्णांनी लिहिलं होतं, 'हळू मारली.'