एएमव्हीचं फुटेज: १०८०पी लिहिलंय म्हणजे चांगलंच असेल असं नाही

प्रश्न: दादा, पहिल्यांदाच एएमव्ही (गाण्यावर अॅनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनचे, सीन जोडून केलेला व्हिडिओ) करायला घेतलाय. गाणं ठरलंय, सीन पण डोक्यात आहेत, पण फुटेजवर गाडी अडलीये. एकाच सिरीजच्या दोन प्रकारच्या फाइल आहेत, एक १०८०पी, एपिसोड २२५ एमबीचा, दुसरी ७२०पी, एपिसोड ५०० एमबीचा. मित्र म्हणतात डोळे झाकून १०८०पी घे, पण त्यात फायटिंग आली की सगळं चौकोन चौकोन दिसतं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: तुझं नाही रे, मित्रांचं चुकतंय. १०८०पी हे नुसतं चौकटीचं माप, आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. हिशोबच करू की. २४ मिनिटांचा एपिसोड म्हणजे १४४० सेकंद, त्यात २२५ एमबी वाटले (एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट) तर सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिट येतात, ५०० एमबीवाल्याला पावणेतीनच्या आसपास. त्यात १०८०पीच्या फ्रेममध्ये पिक्सेल ७२०पीच्या सव्वादोनपट, म्हणजे कमी माल आणि जास्त वाटेकरी, एकेका पिक्सेलच्या वाट्याला ७२०पी फाइलमध्ये जवळजवळ पाचपट डेटा येतोय. आता व्हिडिओ दाबून बसवायच्या दोन पद्धती असतात, नवी एचईव्हीसी आणि जुनी एच.२६४; २२५वाली फाइल एचईव्हीसी असेल आणि दुसरी एच.२६४, तर हा फरक बराच कमी होतो कारण एचईव्हीसी कमी जागेत जास्त भरतं, पण तुला चौकोन दिसतायत ना, मग विषय संपला. शिवाय टीव्हीसाठी बनलेले कितीतरी अॅनिमे मुळात १०८०पेक्षा लहान साइजमध्ये तयार होऊन नंतर मोठे केलेले असतात, त्यामुळे चांगल्या ७२०पीत तू फार काही गमावत नाहीस.

आणि नुसतं बघताना जे खपून जातं ते एडिटमध्ये खपत नाही. तू झूम करणार, स्लो करणार, ग्लो टाकणार, मग एक्सपोर्टला पुन्हा कॉम्प्रेस, अपलोड केलं की साइट तिसऱ्यांदा कॉम्प्रेस करणार. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं ते, पहिल्या कॉपीतला डाग शेवटपर्यंत मोठा होत जातो. म्हणून मूळ डिस्कच्या जितकं जवळचं मिळेल तितकं घे. ब्लू-रेवर व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, तुझ्या सव्वा मेगाबिटशी तुलनाच नको. डिस्कवर बऱ्याचदा ओपनिंग-एंडिंगची नावं नसलेली आवृत्ती पण असते, एएमव्हीवाल्यांसाठी ती लॉटरीच.

फाइल तपासताना क्लोजअपमधला शांत चेहरा पॉज करून बघू नकोस, तिथे सगळ्याच फाइल छान दिसतात. पाऊस किंवा बर्फ पडतानाचा सीन घे, अंधारातला घे, हळूहळू काळा होत जाणारा फेड घे, आणि एकेक फ्रेम पुढे सरकव. आभाळात किंवा अंधारात रंगाचे पट्टे पडलेले दिसले तर त्याला बँडिंग म्हणतात, आणि तू कॉन्ट्रास्ट वाढवलास की ते आणखी डोळ्यात खुपणार. १०-बिट फाइलमध्ये (यात रंगाच्या छटा जास्त साठतात) ते कमी असतं, फक्त तुझं सॉफ्टवेअर १०-बिट फाइल नीट घेतंय का ते आधी बघ.

हो, आणि सबटायटल चित्रातच छापलेली फाइल घेऊच नकोस. मी माझ्या पहिल्या एएमव्हीत घेतली होती, म्हटलं खालून क्रॉप करू, तर बाजू पण कापाव्या लागल्या आणि अर्ध्या सीनमध्ये हिरोचा हातच गायब, तलवार आपली हवेत फिरतेय.

प्रश्न: जुनी सिरीज फक्त डीव्हीडीवर आहे. पात्र पळायला लागलं की आडव्या रेघा येतात. डीइंटरलेस (रेघा घालवायचा फिल्टर) केलं तर रेघा गेल्या पण हालचाल अडखळते. उपाय?

उत्तर: डीइंटरलेस करायचंच नव्हतं. अॅनिमे बनतं सेकंदाला २४ फ्रेमने, एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडी चालते ३०ने (नेमके आकडे २३.९७६ आणि २९.९७), मग हा फरक भरायला चार फ्रेमच्या पाच केल्या जातात, त्यासाठी शेजारच्या दोन फ्रेमच्या ओळी एकात एक विणतात. फ्रेम मोजून बघ, तीन स्वच्छ, दोन रेघांच्या, असा पॅटर्न दिसला की समज टेलिसिने आहे, म्हणजे हेच चाराचे पाच करणं. त्याला इन्व्हर्स टेलिसिने, म्हणजे ते उलटं करायचं, एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये त्याचे फिल्टर आहेत, चारच्या चार मूळ फ्रेम परत मिळतात. पॅटर्न मध्येच तुटत असेल, म्हणजे क्रेडिटच्या पाट्या वगैरे सरळ व्हिडिओवर बनवलेल्या असतील, तर तेवढा भाग वेगळा हाताळावा लागतो, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा इलाज नाही. आणि डीव्हीडीची फ्रेम ७२०×४८० असली तरी पिक्सेल चौरस नसतात, ४:३ असेल तर ६४०×४८० कर, नाहीतर सगळी पात्रं जाडी दिसतील.

प्रश्न: एमकेव्ही फाइल टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर लटकतं, प्ले सुद्धा धड होत नाही. कॉम्प्युटर बदलू का?

उत्तर: थांब, खर्च करू नकोस. या फाइलमध्ये पूर्ण फ्रेम अधूनमधूनच असते, बाकीच्या फ्रेममध्ये नुसता आजूबाजूच्या फ्रेमशी असलेला फरक साठवलेला असतो, म्हणून तू मधेच कुठे कट मारलास की सॉफ्टवेअरला मागे जाऊन सगळं जुळवत यावं लागतं. आधी लागणारे सीन तेवढेच कापून प्रोरेस, डीएनएक्सएचआर किंवा यूटी व्हिडिओ या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदल, यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल अवाढव्य होते, म्हणून अख्खी सिरीज बदलत बसू नकोस. फ्रेमरेट मूळचा २३.९७६च ठेव, प्रोजेक्टचा पण तोच, नाहीतर कुठे फ्रेम डबल होते, कुठे गळते आणि बीटवर बसवलेला कट सरकल्यासारखा वाटतो.

प्रश्न: एआयने ४के आणि ६० एफपीएस करून टाकू का सगळं?

उत्तर: ६० एफपीएस नको. अॅनिमेत एकच चित्र दोन-दोन, तीन-तीन फ्रेम धरून ठेवलेलं असतं, मुद्दाम, त्यात मधली चित्रं घुसवली की ठोशातला दमच जातो आणि वेगात असलेले हात वितळल्यासारखे दिसतात. ४केचं म्हणशील तर डीव्हीडीचं फुटेज १०८०पी प्रोजेक्टमध्ये बसवायला हलका अपस्केल (चित्र मोठं करणं) चालेल, पण इन्व्हर्स टेलिसिने आणि साफसफाई झाल्यावरच, आधी केलास तर त्या रेघा पण एआय मन लावून शार्प करून देईल.