एक रुपयात 'फ्री गिफ्ट' घेतलं, आता दरमहा २९९ रुपये कापले जातात. अ‍ॅप डिलीट केलं तर थांबेल का?

नाही, अ‍ॅप डिलीट करून काही होणार नाही. तुम्ही ज्या यूपीआय अ‍ॅपवरून तो एक रुपया भरला, तिथल्या 'ऑटोपे' विभागात जाऊन मॅन्डेट, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, रद्द करा. पिन टाकलात तो नुसत्या एका रुपयासाठी नव्हता. त्याच स्क्रीनवर बारीक अक्षरांत 'दरमहा, अमुक रकमेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि ती परवानगी तुमच्या बँकेकडे नोंदलेली राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक ऑटोपे वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण जाहिरातींच्या मेसेजच्या ढिगात ती कोण वाचतं! १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला साधारणपणे पुन्हा पिनही लागत नाही.

मॅन्डेट रद्द केल्याने पुढची वसुली थांबते, गेलेले पैसे मात्र आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी आधी कंपनीला लेखी कळवा, दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. तक्रारीत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा शब्द जरूर घाला. २०२३च्या डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवणाऱ्या क्लृप्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांत तो नावानिशी आहे. ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, ही पानं बदलायला वेळ लागत नाही.