विषादात विष नाही

भाचीने परवा विचारलं, ‘मामा, विषाद म्हणजे मनात विष भिनल्यासारखं दुःख, म्हणून त्यात विष आलंय का? आणि विषण्ण विषादाच्याच कुळातला का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. पहिल्याचं ‘नाही’, पण तिला तसं का वाटलं ते कळतं.

हा शब्द ‘विष’नंतर तोडायचा नाही, ‘वि’नंतर तोडायचा. वि हा उपसर्ग आणि पुढे सद् हा धातू. सद् म्हणजे बसणं. पाणिनीच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, त्याचे तीन अर्थ सांगितलेत: विशरण, गती आणि अवसादन, म्हणजे विस्कटणं, जाणं आणि खचणं. ‘वि’मधल्या इकारामुळे पुढच्या स-चा ष होतो, जसा अभि-नंतर अभिषेकात आणि नि-नंतर निषेधात होतो. त्या ष-मुळे आपल्याला तिथे विष दिसतं. विष आणि अद असा समास करून ‘विष खाणारा’ या अर्थाचाही विषाद संस्कृतात होतो, आणि तो शंकराला शोभेल. पण दुःखाचा विषाद तो नव्हे.

विषण्ण याच घरातला. सद् धातूला त-प्रत्यय लागला की ‘सन्न’ होतं. खिद्-पासून खिन्न, भिद्-पासून भिन्न, छिद्-पासून छिन्न, तसंच हे. त्याआधी वि आला की स-चा ष आणि त्या ष-च्या प्रभावाने दोन्ही न-चे ण. म्हणून विषण्ण. ‘विषन्न’ असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं, ते चूक. (सुन्न मात्र या कुळातला नाही, तो शून्याचा वंशज.)

आता याच ‘सन्न’ला वि-ऐवजी प्र लावून बघा. प्रसन्न! विषण्ण आणि प्रसन्न हे एकाच धातूचे आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला ते सांगत होतो. बसण्यातून आनंद कसा आला? पावसाळ्यात आणलेलं गढूळ पाणी हंड्यात भरून तुरटी फिरवून ठेवतात. गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. संस्कृतात अशा निवळलेल्या पाण्याला प्रसन्न म्हणतात. मन प्रसन्न होतं म्हणजे तेही निवळतं. प्रसन्नतेत गाळ खाली बसतो, विषादात माणूसच खाली बसतो.

हे बसणं शब्दशः घ्यायला हरकत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग म्हणतात. तिथे अर्जुन म्हणतो, ‘सीदन्ति मम गात्राणि’, माझी गात्रं गळून चालली आहेत. हे ‘सीदन्ति’ म्हणजे उपसर्ग न लागलेला सद् धातूच. तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव निसटतं, आणि अध्यायाच्या शेवटी तो धनुष्यबाण टाकून रथात खाली बसतो. ‘मटकन बसला’, ‘हातपाय गळाले’, ‘पार खचला’ हे मराठीतले वाक्प्रचार त्याच अनुभवाचे आहेत. ते बोलणाऱ्यांना कुणी संस्कृत शिकवलं नव्हतं. दुःख पायांतलं बळ काढून घेतं हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

मग शोक, खिन्नता, उदासी यांहून विषाद वेगळा कसा? नाट्यशास्त्रात शोक हा स्थायी भाव आहे, करुण रसाचा पाया. विषाद 33 व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांपैकी एक. हाती घेतलेलं काम तडीस न जाणं किंवा दैवाने घात करणं, यातून तो उपजतो असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे माणूस गेल्याचा शोक. आणि काही करायला निघालो होतो, आता हातून होणार नाही, या जाणिवेने खचणं हा विषाद. अर्जुनाचं अजून कुणीच मेलेलं नव्हतं, म्हणून त्या अध्यायाला विषाद हेच नाव बरोबर आहे. खिन्न त्याहून हलका. संध्याकाळी उगाचच खिन्न वाटू शकतं, विषण्ण तसं उगाच वाटत नाही.

उदासची गोष्ट निराळीच. तिथेही बसणंच आहे, पण धातू आस्: उद् + आस, अलिप्तपणे दूर बसलेला. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ असं तुकोबा म्हणतात, तेव्हा पैसा तोंड पाडून खर्च करा असं ते सांगत नाहीत. आसक्ती न ठेवता खर्च करा, असं सांगतात. आज उदास म्हणजे दुःखी झाला, आणि अलिप्तपणाचा अर्थ ‘उदासीन’कडे उरला.

ज्याला वैद्यकीय उपचार लागतात त्या आजाराला हिंदीत अवसाद म्हणतात, तोही सद्-चाच. मराठीत नैराश्य रूढ झालं. मला ते तोकडं वाटतं. आशा संपली एवढंच ते सांगतं. अंथरुणातून उठवत नाही, आंघोळीलाही बळ नाही, हे अवसादात किंवा विषादात जास्त नेमकं येतं.

आणि भाचीला शेवटी जे सांगितलं ते इथेही सांगतो. विषादाने सुरू झालेली गीता अठराव्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी काय देते? ‘नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा त्वत्प्रसादान्मयाच्युत’. तुझ्या प्रसादाने. पुन्हा सद्, या वेळी प्र लागलेला. प्राकृतात प्रसादाचा पसाय झाला, आणि 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी विश्वात्मक देवाकडे जे मागितलं ते पसायदान.