‘का झालं?’ हे विचारलं कोणाला?

प्रश्न : मालिकांमध्ये घरकाम करणारी बाई एकतर हसवायला असते, नाहीतर दागिना हरवला की संशय घ्यायला. बातम्यांत गरीब माणूस रडतानाच दिसतो. हे मुद्दाम केलं जातं का? सहानुभूतीने दाखवलं तर फरक पडेल का?

उत्तर : मुद्दाम? क्वचितच. माझी उमेदीची वर्षं बातम्यांच्या डेस्कवर गेली. गरिबांची टिंगल करायची असं ठरवून कामाला बसलेला सहकारी मला कधी भेटला नाही. पण पान छपाईला सोडायची वेळ झाली की ज्याचा फोन लागतो त्याचं म्हणणं छापलं जातं. कंपनीच्या प्रवक्त्याला फोन उचलण्याचाच पगार मिळतो आणि पाळीवरच्या कामगाराचा फोन लॉकरमध्ये असतो. कुणी काही न ठरवता बातमी एका बाजूला कलते.

मालिकांचं गणितही असंच रुक्ष आहे. तीन कॅमेरे एकदम लावायचे तर ऐसपैस दिवाणखाना सोयीचा. एकदा उभारलेला सेट रोज वापरून वसूल करायचा असतो, आणि जाहिरातदाराला खर्च करणारा प्रेक्षक हवा असतो. म्हणून कामवाली बाई ट्रे घेऊन येते आणि जाते. जाते कुठे? तिच्या घराचा सेटच नाही! मग तिला नवरा, मैत्रीण, जुनं भांडण, स्वतःचं मत असं काही देताच येत नाही. लेखकाच्या हातात उरतो तो विनोद किंवा संशय.

कॅमेरा कोणाचा, हा प्रश्न सिनेमाच्या जन्मापासूनचा आहे. १८९५ साली ल्यूमिएर बंधूंनी फ्रान्समधल्या लियाँ इथे आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. कॅमेरा मालकाचा, आणि तोही फाटकाबाहेर लावलेला. माणसं बाहेर पडताना दिसतात, आत काय काम करत होती ते दिसत नाही.

सहानुभूतीबद्दल मात्र मी तुमच्याइतका आशावादी नाही. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला, मुलांना बिलगून बसलेल्या मजूर आईचा फोटो तुम्ही पाहिला असेल. सहानुभूती त्यात भरपूर आहे. पण त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळलं १९७८ मध्ये. बेचाळीस वर्षं ती ‘गरिबी’ होती, आणि अखेर बोलली तेव्हा म्हणाली की हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी अमेरिकेत प्रेक्षकांना दोन प्रकारच्या बातम्या दाखवून प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या गरीब कुटुंबाची कहाणी पाहिलेले लोक गरिबीची जबाबदारी त्या माणसांवरच टाकण्याकडे झुकत. तोच विषय एकूण परिस्थिती म्हणून मांडला की बोट समाजाकडे, सरकारकडे वळे. म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारी बातमी दोष मात्र रडणाऱ्याच्याच पदरात टाकू शकते.

म्हणून मी बातमी पाहताना अश्रू मोजत नाही. ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ हे कोणाला विचारलं आणि ‘हे का झालं?’ हे कोणाला, एवढंच बघतो. कारखाना बंद पडला की पहिला प्रश्न कामगाराला आणि दुसरा मालकाला, फार तर अर्थतज्ज्ञाला. ज्याने तिथलं यंत्र वर्षानुवर्षं चालवलं, त्याला सुटे भाग यायचे कधी थांबले, मागणी कधी घटली, देखभालीची माणसं कधी कमी केली हे ठाऊक असतं. त्याला विचारून तर बघा.

प्रश्न : पण श्रीमंतांनाही सर्रास खलनायक दाखवतात. हा अन्याय नाही का?

उत्तर : खलनायक व्हायलाही कथेत जागा लागते! दुष्ट उद्योगपतीला बंगला असतो, आजारी आई असते, कडवट बालपण असतं, आणि सगळ्यात झणझणीत संवाद त्याच्याच वाट्याला येतात. त्याचा ड्रायव्हर वीस भाग गाडी चालवतो आणि त्याचं नावही आपल्याला कळत नाही. श्रीमंतांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांचं घर, गाडी, लग्न यांची बातमी पहिल्या पानावर येते. पैसा आला कसा, ते मात्र आतल्या अर्थविषयक पानावर असतं, आणि तेही निम्म्या वाचकांनी पान उलटावं अशा भाषेत.